ताईचा बोगदा आणि नानांचे सुतार

ताईची मीटिंग सुरू झाली की आमच्या माहेरी शिंकायचीसुद्धा चोरी. ताई माझी थोरली बहीण. एका औषध कंपनीसाठी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते आणि स्वतः कसलीही तक्रार करत नाही, हा तिचा जुना आजार. आमचे वडील, नाना, अर्धांगवायूच्या झटक्याने उजव्या अंगाने लुळे पडले, तेव्हा तिने घरून काम करायची परवानगी मागितली. कंपनीने दिली, पण तात्पुरती. घरचं नेट मधेच तुटलं तर त्याची तिकडे नोंद होते, आणि फार वेळा तुटलं तर मुकाट्याने ऑफिसात हजर व्हायचं. मग नानांजवळ कोण? आई नाही. मी गल्लीपलीकडे राहते, पण मलाही शाळा आहे.

ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉपवर व्हीपीएन लावावा लागतो. ताई त्याला बोगदा म्हणते. घरातून निघतो तो थेट ऑफिसात उघडतो, मधे कुणाला डोकावता येत नाही. पण प्रकरण भलतंच नाजूक. पलीकडच्या खोलीत नानांनी टीव्ही लावला की बोगदा कोसळलाच.

नानांचा जन्म सुतारकामात गेला. आता ते दिवसभर टीव्हीवर इंटरनेटवरचे सुतार बघतात. झटक्याने त्यांची वाचा गेली होती, ती परत आली या परक्या सुतारांना शिव्या घालताना. "रंधा... असा धरतात? गाढव!" हे त्यांचं पहिलं धड वाक्य. बोलायचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलू दे, जितकं बोलतील तितकं चांगलं. त्यामुळे टीव्ही बंद करा म्हणायची सोयच उरली नाही.

नेटवाला आला, "स्पीड भरपूर आहे, मॅडम," म्हणाला आणि गेला. मग ताईने स्वतः डोकं लढवलं. ऑफिसचं वायफाय वेगळं केलं, नानांचं वेगळं. नावं दोन झाली, पण घरात येणारी लाइन एकच, त्यामुळे ओढाताण होती तशीच राहिली. शेवटी तिला मोबाइलवर एक बटण सापडलं. ते दाबलं की नानांच्या टीव्हीचं नेट परस्पर बंद. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की ती टेबलाखाली हळूच ते दाबायची. टीव्हीवर चाक फिरत राहायचं आणि नाना त्या चाकाकडे बघत बसायचे.

मीटिंग संपली की नाटक. "अडकलं वाटतं, नाना. थांबा हं." मग हॉलमध्ये जाऊन, नानांना पलंगावरून दिसेल असं, राउटरचा प्लग काढायचा आणि परत लावायचा.

"सांगून टाक की त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं तर ते टीव्ही लावायचेच बंद होतील. मग बोलणंही बंद. ओळखत नाहीस का तू नानांना?"

ओळखते ना. घसा कोरडा पडला तरी ताईचं दार उघडायची वाट बघणारा माणूस!

मुदत संपत आली तसं ताईचं जेवणावरचं लक्ष उडालं. वरिष्ठ बाईंबरोबर शेवटची मीटिंग होती, त्यावर सगळं अवलंबून. मी रजा टाकून नानांपाशी बसायला गेले. ताईने दार लावून घेतलं. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात वळले, आणि टीव्हीचा आवाज थांबला. म्हणजे तिने बटण दाबलं होतं.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. बघते तर नाना आपल्या दारात उभे. एकटे! झटक्यापासून आधाराशिवाय ते पलंगावरून उठले नव्हते. हाक मारावी तर दचकून पडतील, न मारावी तर असेही पडतील. भिंतीला खांदा टेकत, लुळा पाय फरशीवर ओढत ते निघाले. मला वाटलं, बाथरूमला चालले असतील. ते राउटरपाशी थांबले. काठी भिंतीला टेकवली, डावा हात पुढे केला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"नाना, नको!"

प्लग त्यांच्या हातात आला होता.

आतून ऐकू आलं, "हॅलो? मॅडम? हॅलो?" मग दार धाडकन उघडलं. ताईचा चेहरा पांढराफटक. नाना मात्र खुशीत होते.

"अडकलं होतं," ते एकेक शब्द शोधत म्हणाले. "तुझं... महत्त्वाचं काम. म्हटलं, उठवू नये. मीच करतो."

ताईने खुर्ची ओढून त्यांना बसवलं, प्लग लावला आणि त्यांच्या समोरच बाईंना फोन केला. "मॅडम, नेट माझ्या वडिलांनी बंद केलं. मीटिंग असली की मी चोरून त्यांचा टीव्ही बंद करते. त्यांना वाटलं, बिघडला. चूक माझी आहे." नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. राउटरचे दिवे लुकलुकत होते. मला रडू येत होतं आणि तिकडे चहा उतू गेला होता.

बाईंनी मुदत वाढवून दिली, पक्कं काही केलं नाही. ताईच्या जिवाचा घोर काही सुटलेला नाही. नेटवाल्याला मी परत बोलावलं आणि या खेपेला दार अडवून उभी राहिले. त्याने लॅपटॉपला थेट वायर जोडली, टीव्हीच्या वाट्याला येणारं नेट कमी केलं. चित्र जरा धूसर दिसतं, पण बोगदा शाबूत आहे.

"आता खुशाल बघा, नाना. मी बंद करत नाही," ताई रोज सांगते. नाना मान डोलावतात. मग तिचं दार लागलं की डाव्या हाताने रिमोट उचलतात आणि सुताराला आहे तिथे थांबवतात.

परवा मी म्हटलं, "अहो नाना, आता चालतं. लावा की."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "ताईचं काम चाललंय," कुजबुजले, आणि अर्ध्यावर थांबलेल्या रंध्याकडे बघत तिचं दार उघडेपर्यंत गप्प बसून राहिले.