टर्बोची हवा कुठं गेली?

इंजिनातलं मले सगळं समजते, असं गावात मी एकटाच म्हणतो. विहिरीवरचं डिझेल इंजिन मी सहा वेळा खोललं अन् सहाही वेळा परत जोडलं. दरवेळी दोन-चार नट उरत. आमच्या प्रमोदची माय ते एका डब्यात टाकून ठेवे. "यातून एक दिवस दुसरं इंजिन होईन तुमचं," म्हणे. मागल्या कार्तिकात ती गेली. डबा आहे.

तिच्या वर्षश्राद्धाले प्रमोद, आमचा पोरगा, पुण्याहून आला. शुक्रवारी संध्याकाळी आला अन् रविवारी दुपारी निघणार होता. त्यानं अजून दोन-चार दिवस राहावं, असं मले लय वाटे. पण आमच्या दोघांत बोलायचं खातं त्याच्या मायकडं होतं. फोन वाजला का मी तिच्या हातात देत असो. पोराले 'थांब' म्हणायची मले सवयच नाही. खत किती टाकू, हे विचारता येते. हे नाही येत.

येतांना त्यानं जुनी स्पोर्ट गाडी आणली. लाल, दोन दारांची, अन् इतकी बुटकी का आत बसलं का बैलाचे गुडघे डोळ्यासमोर!

"बाबा, टर्बो आहे हिच्यात."

"म्हणजे काय रे?"

"इंजिनाले हवा लागते ना? टर्बो ती हवा दाबून-दाबून आत भरते."

मले लगेच समजलं. पंगतीत त्याची माय वाढे तसं. माणूस नको नको म्हणून राह्यला अन् ताटात तिसरी पुरणपोळी!

शनिवारी श्राद्ध झालं. रविवारी सकाळी प्रमोद पेट्रोल भराले ढाणकीले गेला अन् तोंड पाडून परत आला.

"बाबा, गाडीत जीवच नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जोर, येत नाही. उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसकट, मले हात दाखवून पुढं गेला!"

"पाहतो मी," म्हणून मी धोतर खोचलं. प्रमोद एकदम घाबरला. (गाडीपेक्षा मलेच जास्त.) त्यानं बोनेट उघडलं.

"इंजिन कुठं आहे?"

"या झाकणाखाली."

"झाकणाखाली झाकण कायले?"

"तुमच्यासारख्यांसाठी."

मी निदान केलं, डिझेलमधी पाणी गेलं. प्रमोद म्हणे, गाडी पेट्रोलची आहे. मी दुसरं निदान केलं, हवेची चाळणी बुजली. त्यानं चाळणी काढून दाखवली. माझ्या टोपीपेक्षा साफ होती.

"टर्बो अन् इंजिनाच्या मधात रबरी नळी आहे," तो म्हणाला. "तिथंच कुठंतरी हवा निसटून राह्यली. फुस्स आवाज येते, पण जागा सापडत नाही."

मग मी सायकलच्या पंक्चरसारखं साबणाचं पाणी सगळ्यावर ओतलं. पण बुडबुडा याले आत हवा तर पाहिजे! गाडी बंद होती. हवा सापडली नाही, पण इंजिन धुऊन निघालं.

तेवढ्यात तांड्यावरचा गुलाब राठोड आला. आमची दोघांची वावरं एकाच धुऱ्याले लागून. त्यानं बोनेटमधी डोकं घातलं.

"नामदेवभाऊ, घूस काढतो तसं कर ना! बिळाच्या एका तोंडातून धूर सोडायचा, दुसऱ्या तोंडातून निघतेच."

मले वाटलं प्रमोद हसन. पण तो उडालाच. "गुलाबकाका, मोठ्या गॅरेजात असंच करतात! फक्त मशीन लावतात."

मशीन आमच्याकडं तयारच होती. बुडाले भोक पाडलेलं मडकं, त्यात गोवरी अन् कडुलिंबाचा सुका पाला. चाळणीच्या जागी नळीचं तोंड होतं, त्याले मडक्याचं तोंड भिडवून चिंध्या कोंबल्या अन् गुलाबभाऊ बुडाकून फुंकू लागला. पण घुशीची सवय कुठं जाते? गड्यानं गोवरीत मूठभर लाल मिरच्या टाकल्या होत्या!

अर्धी आळी खोकू लागली. समोरची वहिनी "आग लागली वं माय!" करत बादली घेऊन धावली अन् पाणी नेमकं गुलाबभाऊच्या अंगावर.

"मी जळून नाही राह्यलो बाई! फुंकून राह्यलो!"

खोकत खोकत मी गाडीच्या तोंडाशी बसलो, अन् मले दिसलं. जाळीच्या मागून धुराची बारीक शेंडी निघत होती. बरोबर तिथं लटकलेल्या लिंबू-मिरचीच्या भोवताल.

ते लिंबू मी बांधलं होतं. घरात कोणतीही गाडी आली, मंग ट्रॅक्टर असो का प्रमोदची शाळेची सायकल, त्याची माय तिले लिंबू, मिरच्या अन् बिब्बा बांधे. ती नाही म्हणून शुक्रवारी मी बांधाले गेलो. तार ओवाले जागा सापडेना. जाळीच्या मागं हाताले काहीतरी मऊ लागलं. कापसाचे बोरे शिवायचा दाभण आणला, त्यात खुपसला, तार आरपार काढली. तेव्हा लय समाधान वाटलं होतं!

"बाबा, दिसला का धूर?"

"कुठं? नाही बा."

पण तो वाकलाच. लिंबू पाह्यलं, तार पाह्यली, नळीवर भोकापासून गेलेली बोटभर चीर पाह्यली. मंग माझ्याकडं पाह्यलं. बराच वेळ.

"एवढंच?" गुलाबभाऊ निथळत म्हणाला. "ट्यूबची पट्टी गुंडाळ, वरून तार आवळ. दहा मिनिटाचं काम हाय."

"नाही काका. नवीन नळीच लागन. पुण्याहून मागवतो. चार दिवस तरी लागतीन."

"अबे, पण पट्टीनं—"

"चार दिवस," प्रमोद म्हणाला.

गुलाबभाऊ गेल्यावर त्यानं चहा मांडला. कप माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "बाबा, मी थांबावं म्हणून मुद्दामच भोक पाडलं ना तुम्ही? लय डोकं लावलं!"

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी चहासंगं गिळलं अन् मान हलवली. सत्तर वर्षांत माझ्या येडेपणाले पहिल्यांदा कोणी हुशारी म्हटलं. नाही म्हणाले मी काय येडा हाओ?