चपलेवर आळ

मी अमरावतीत शाळेत विज्ञान शिकवतो. घरगुती उपायांच्या नादी लागू नका, असं वर्गात दरवर्षी सांगतो. त्याच मी बायकोच्या टाचेच्या भेगांत बिब्ब्याचं तेल सोडलं. आमच्या गावाकडे सर्रास करतात. बिब्बा सुईवर टोचून दिव्यावर धरला की काळं तेल गळतं.

पहिल्या हिवाळ्यात भेगा भरल्या. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा लावलं, आणि दोन दिवसांनी पाऊलभर पाण्याचे फोड उठले. तेलाचा हात लागला असावा, डोळेही सुजून मिटले.

अकोल्याच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पायाला काही लावलं होतं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "चप्पल नवी घेतली होती."

घरी येऊन ती चप्पल मी कचऱ्याच्या गाडीत टाकलीसुद्धा.

फोड ओसरल्यावर चपलांत वापरतात त्या पदार्थांची तपासणी झाली. रबर, गोंद, चामडं कमावायचं रसायन, असं एकेक थोडं थोडं पट्ट्यांवर घेऊन तिच्या पाठीला चिकटवलं. ही ॲलर्जी सावकाश उमटते, म्हणून पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही. काढल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. अकोल्याच्या तीन खेपा. चिकटपट्टीनं पाठ खाजायची, पण ती भिंतीला टेकतही नव्हती.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "पाठ कोरी आहे. चपलेचा दोष नाही. मग काय असेल?"

तेव्हा मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी शरीर गुपचूप ओळख करून घेतं. दुसऱ्या वेळी पेशी धावून येतात. सर, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर पट्ट्या लागल्याच नसत्या." बिब्बा कधीच नाही, त्याच कुळातल्या कैरीचा चीकही जपून, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

बसस्टँडवर मी विचारलं, "तू का नाही बोललीस?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती."

"आणि सांगितलंच नसतं तर?"

ती पदराखालून पाठ खाजवत होती. चिकटपट्टीच्या चौकोनी खुणा अजून गेल्या नव्हत्या.

"थे जाऊ द्या," ती म्हणाली. "पण चप्पल काहून फेकली जी? मले आवडली होती."

मी समोरच्या बसची पाटी वाचत राहिलो.