सहादेवनं पारखलेलं वेल्डिंग मशीन

कोपरगावच्या बैलबाजारात सहादेवच्या शब्दाला केवढा मान होता! बैलाचे दात पाहायचे, पाठीवर थाप मारायची, चार पावलं चालवून घ्यायचा, की त्याचं वय, खोड आणि आधीच्या मालकाचा स्वभावसुद्धा तो सांगायचा. बैलांपुरतं ते खरंही असायचं. पण बैल कळतो म्हणजे आपल्याला सगळंच कळतं, असं त्याला वाटायचं, आणि गावालाही तसंच वाटायचं. मुलीचं स्थळ असो की विहिरीची जागा, आधी सहादेवला विचारायचे.

एकाहत्तर साली साखर कारखान्याच्या जीपा आणि ट्रॅक्टर इतके वाढले, की बैलबाजार ओसरायला लागला. सहादेवनं वारं ओळखलं आणि स्टेशनच्या रस्त्याला गाड्यांच्या पत्र्याच्या कामाचं दुकान टाकलं. त्याला त्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी माझं दुकान, जीपच्या गाद्या आणि हूड शिवायचं. त्याच्याकडं गाडी आली तर माझ्याकडं गादी येणार, म्हणून मी त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचो. हे आधीच सांगून टाकतो.

दुकानात हात चालायचा तो प्रभुदासचा. मिशनच्या वर्कशॉपात शिकलेला, पुण्याच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला, म्हाताऱ्या आईसाठी परत आलेला. दोन लेकरांचा बाप, पण सहादेव त्याला ‘प्रभ्या’ म्हणायचा. त्याचा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात यायचा. त्यावर कुणी बोलत नसे. मीही नाही.

एक दिवस कारखान्याचे संचालक काकासाहेब स्वतःची जीप घेऊन आले. दोन्ही दरवाजे खालून सडलेले. म्हणाले, “सहादेव, हे दरवाजे नीट कर. काम पसंत पडलं, तर कारखान्याच्या समद्या गाड्या तुझ्याकडं.”

दुकानाचं नशीबच त्या दोन दरवाजांवर आलं. आता वेल्डिंगचं मशीन घेणं भाग होतं. प्रभुदास म्हणाला, “आबा, गाडीचा पत्रा पातळ असतो, जास्त करंटनं जळून जातो. गॅसचा सेट घ्या. विजेचंच घ्यायचं तर लहान घ्या. मशीन जास्तीत जास्त करंट किती देतं ते बघू नका, कमीत कमी किती देतं ते बघा.”

सहादेव हसला. “प्रभ्या, मोठा बैल रिकामी गाडी वढत न्हाई व्हय?”

मीही हसलो. प्रश्न इतका चटकदार होता, की तो चुकीचा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मशीन घ्यायला आम्ही नगरला गेलो, सहादेव आणि मी. प्रभुदासला नेलं नाही, दुकान कोण बघणार? जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडं एक लहान नवं मशीन होतं आणि त्याच किमतीत एक जुनं, तेलानं भरलेलं अवाढव्य धूड. सहादेवनं लहानाकडं पाहिलंही नाही. धुडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप दिली, कान लावून गुरगुर ऐकली. दात सापडले असते तर तेही पाहिले असते. मग बैलबाजारात बोटं दाबून गुपचूप भाव ठरवतात, तसा सौद्यासाठी उपरण्याखाली हात पुढं केला. व्यापाऱ्यानं तो हातात घेऊन हलवला आणि किंमत मोठ्यानं सांगितली. “उघड भाव सांगतो, मानूस सरळ हाय,” असं म्हणून सहादेवनं घासाघीसही केली नाही.

मशीनला हार घातला, नारळ फोडला. बटण दाबताच शेजारची पिठाची गिरणी बसली आणि आळीतले दिवे लाल झाले. “ताकद बघा!” सहादेव म्हणाला. आळी भारावून गेली.

प्रभुदासनं करंट अगदी खाली आणून वेल्डिंगची कांडी दरवाज्याला टेकवली. पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं.

“तुजा हात कापतोय,” म्हणत सहादेवनं कांडीचा होल्डर ओढून घेतला. त्यानं पाडलेल्या भोकातून मला पलीकडचा पानवाला दिसला.

संध्याकाळपर्यंत दरवाज्याची चाळण झाली. काकासाहेब तीन दिवसांनी येणार होते. सहादेव पायरीवर बसला. “आता बाजारात तोंड कसं दाखवू?” म्हणाला तेव्हा मला त्याची खरोखर कीव आली.

प्रभुदासच्या ओळखीच्या डेव्हिडच्या सायकल दुकानात गॅसचा सेट होता, तो टांग्यात घालून त्यानं आणला. दोन्ही दरवाजांचा सडका भाग कापला, नवा पत्रा ठोकून बसवला, बारीक ज्योतीनं जोडला. दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. नख फिरवलं तरी जोड लागत नव्हता.

काकासाहेब आले. त्यांनी दरवाज्यावरून दोनदा हात फिरवला. “कुनी केलं हे?”

प्रभुदास समोरच उभा होता, मनगटावर भाजल्याचे ताजे डाग घेऊन. सहादेवनं खाकरून मशीनच्या पाठीवर थाप मारली. “ह्यानं. पारख लागती, काकासाहेब.”

“व्हय का रं गोरक्ष?” काकासाहेबांनी मला विचारलं.

प्रभुदासनं माझ्याकडं पाहिलं. मला कारखान्याच्या साऱ्या जीपांच्या गाद्या दिसत होत्या. “व्हय,” मी म्हणालो, “लई ताकदीचं मशीन हाय.” त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

काकासाहेब खूश झाले. “मग असंच एक कारखान्यालाबी निवडून दे. सोमवारपासून गाड्या धाडतो.”

प्रभुदासनं डेव्हिडचा सेट टांग्यात चढवला आणि निघून गेला.

सोमवारी दुकानासमोर जीपांची रांग लागली. उन्हं वर आली तरी प्रभुदास दिसेना, तसा सहादेव माझ्याकडं आला. प्रभुदास आईला आणि लेकरांना घेऊन पहिल्या यष्टीनं पुण्याला गेल्याचं मी त्याला सांगितलं.

“असा कसा गेला? आता ह्या गाड्यांचं काम कोन करनार?”

“मशीन हाय की,” मी म्हणालो.