बारा तज्ज्ञ आणि एक नमुना

पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी. करायची बुद्धी मला का झाली, याचा शोध आमच्या घरात अजून कोणाला लागलेला नाही. मी लोणारला कॉलेजात ग्रंथपाल. विषय घेतला, ग्रंथपालाला नेमकं काय आलंच पाहिजे? त्यासाठी डेल्फी पद्धत. म्हणजे तज्ज्ञांना वेगवेगळं विचारायचं, कोणतं उत्तर कोणाचं ते कळू द्यायचं नाही, आणि सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा दाखवत, फेऱ्या घेत घेत मतं जवळ आणायची. हे प्रकरण मुदतीत झालं नाही तर नोंदणी रद्द, असं गाईडनी बजावलं होतं.

जिल्ह्यातल्या बारा ग्रंथपालांना फॉर्म पाठवले. कोणाची अडचण नको म्हणून सोबत एक भरलेला नमुनाही जोडला. तो मी जेवता जेवता भरला होता. पहिल्या क्रमांकावर सहज लिहिलं, 'वाळवी ओळखता येणे.'

आठवड्यात बाराही फॉर्म परत. बाराही जणांचं पहिलं उत्तर वाळवी! मी हरखून बायकोला म्हणालो, "पहिल्याच फेरीत एकमत! असं जगात कुठं होत नाही."

तिनं फॉर्म चाळले. "हो का? मंग या दुसरबीडच्या सरांनी नाव बी तुमचंच काऊन लिवलं?"

एकानं तर माझी खाडाखोडही जशीच्या तशी उतरवली होती.

दुसऱ्या फेरीत नमुना दिला नाही. लगेच धामणगाव बढेच्या वाचनालयातल्या बाईंचा फोन. "सर, नमुना राह्यला वाटते?"

"नमुना नाही मॅडम. तुमच्या मनातलं लिहा."

"मनातलं?" बाई घाबरल्या. "त्याच्यावर शिक्का मारावा लागते का?"

या वेळी उत्तरं आली ती बारा दिशांनी. कोणी लिहिलं, परीक्षेच्या पोरांना झोपू देणे. कोणी लिहिलं, पुस्तक परत मागायला वाचकाच्या घरी जेवणाच्या वेळी न जाणे. दुसरबीडच्या सरांनी लिहिलं, 'वाळवीच. पण आता विचार करून लिहिलं आहे.'

दोन्ही गठ्ठे गाईडपुढे ठेवले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही गठ्ठे चाळले.

"पहिली फेरी बाद. ते तुमचं एकट्याचं मत आहे, बारा हस्ताक्षरांत. दुसरी फेरी पहिली धरा, अजून दोन घ्या. आणि मुदतवाढीचा अर्ज आजच द्या."

"कारण काय लिहू, सर?"

"लिहा, तज्ज्ञ विचार करू लागले आहेत."

त्या कारणावर मला सहा महिने मिळाले.