दिवाळीच्या सुटीतला कापूर

गावंडे सरांनी मला फसवलं. विज्ञानाच्या माणसानं विज्ञानातच फसवलं. येत्या रविवारी ते आमच्या गावच्या शाळेतून निवृत्त होत आहेत आणि स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे, म्हणून लिहिते.

सर म्हणजे पांढरा सदरा, खिशात खडू आणि सदऱ्यावर त्याच खडूचा डाग. कोणतीही वस्तू दिसली की तिचे कण एकमेकांना कसे धरून आहेत ते सांगायचे. जेवणाच्या सुटीत आमच्या डब्यातलं मीठ चिमटीत धरून म्हणायचे, "सोडियम देते, क्लोरीन घेते. एकदा देणंघेणं झालं का मंग सोडत नाहीत लेकाचे एकमेकाले."

"पण सर, सोडियमले काय भेटलं?" मी विचारलं.

"तू मोठी होऊन दुकानच टाकशीन!"

टाकलं. मंगरूळपीरला माझं किराणा दुकान आहे, कोणाच्याही मदतीशिवाय उभं केलेलं.

नववीत सरांनी विज्ञानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली होती. ती मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. दिवाळीच्या सुटीआधी सरांनी कापराच्या चार वड्या उघड्या बशीत ठेवल्या आणि मला कुलूप लावायला सांगितलं. सुटीनंतर उघडलं तर बशी रिकामी आणि कपाटभर कापराचा वास.

"कापूर कुठी गेला वं?"

"मले काय मालूम, सर?"

"किल्ली कोणापाशी होती?"

एवढंच. सगळ्या वर्गासमोर दोरा गळ्यातून काढून घेतला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आई पाण्याला गेली की बायका विचारायच्या, "सुमननं आरतीले नेला का वं कापूर?" आई रिकामी घागर घेऊन परत यायची.

महिन्याभरानं सरांनी संप्लवन शिकवलं. बशीत कापूर, त्यावर उलटं नरसाळं, खाली दिवा. "मिठासारखी घट्ट बांधणी नाही याची. कण ढिले. मधी पाणी होतच नाही, स्थायूचा सीधा वायू."

"आन् न तापवता, सर?"

"उघडा ठेवला तं तसाबी उडते. हळूहळू."

मी उभीच राहिले. "मंग दिवाळीचा कापूर?"

सरांनी चष्मा पुसला. दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी. "हे परीक्षेत येत नाही. बस खाली."

दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या बाकावर होती. सोबत शब्द नाही. मी ती उचलून त्यांच्या टेबलावर आपटली. चोर ठरवताना आवाज होता, मग आता कुठे गेला?

माणूस वाईट नाही. दर शनिवारी एस.टी.नं येतात आणि मारुतीसाठी कापूर माझ्याच दुकानातून घेतात. बरणीचं झाकण स्वतः फिरवून बघतात.

"घट्ट लाव वं, उडून जाते."

"मले सांगता, सर? मले?"

मग हसतात आणि भावात सूट मागतात. मी देत नाही. गेल्या शनिवारी म्हणाले, "कपाटाची किल्ली अजून शाळेत तुह्याच नावाच्या खिळ्याले आहे. घेऊन जाय."

"आधी बोला."

"आता इतक्या वर्षानं काहून बोलाले लावून राह्यली?" म्हणत पिशवी उचलून स्टँडकडे निघाले. कापूर गल्ल्याजवळच विसरले. मी हाक मारली नाही.

तर सर, रविवारी हारतुरे झाल्यावर माईक हातात येईल, तेव्हा आधी एवढं सांगा: दिवाळीचा कापूर कोणी नेला? मी पहिल्या रांगेत असेन. शेजारी आई असेल. तिला आता कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं बोला.