तबकडी थांबेपर्यंत

यंत्राच्या झाकणावर तळहात टेकवून बाई उभ्या राहायच्या. आतलं फिरणं थांबल्याचं हाताला कळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कोणी घाई केली की म्हणायच्या, "थांब गा, अजून फिरून राहिलं ते."

सदर भागातल्या आमच्या संगणक केंद्रात त्या दुरुस्ती अभियंता होत्या, मी ऑपरेटर. ऐंशीनंतरची ती वर्षं. तुमच्यापैकी कुणी तेव्हाची यंत्रं पाहिली असतील. माहिती साठवायचं यंत्र कमरेएवढं उंच. त्यात थाळ्यांसारख्या तबकड्यांचा गठ्ठा बसवायचा. एक बारीक हेड तबकडीला न शिवता, केसभर वरून फिरत माहिती वाचायचं.

बाई गिरणी कामगाराची मुलगी, घरातल्या पहिल्या पदविकाधारक. डबा उघडला की मला हाक यायची, "या भाऊ. मशीन उपाशी राहत नाही, आपण काहून राहावं?"

एका मे महिन्यात त्या यंत्रातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला आणि जळका वास सुटला. हेड तबकडीवर घासलं होतं. गठ्ठ्यावर शालेय परीक्षेचे गुण होते. गठ्ठा गेला, पण त्याची दुसरी प्रत कपाटात होती.

साहेब धावत आले. "दुसरा गठ्ठा लावा. निकाल अडलाय."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "हेड तुटलं हाये. जे लावाल ते खरवडून टाकंल. आधी हेड बदलू द्या मले."

"किती वेळ?"

"लागंल तेवढा."

वीज तोडून, झाकणावर 'चालू करू नये' अशी चिठ्ठी चिकटवून बाई नवं हेड आणायला गोदामात गेल्या. साहेबांना वरून फोन आला. फोन ठेवून त्यांनी कपाट उघडलं. मी म्हटलं, "साहेब, बाई येऊ द्या." त्यांनी चिठ्ठी ओढून काढली, गठ्ठा बसवला, वीज सुरू केली.

तोच आवाज पुन्हा आला.

बाई दारात उभ्या होत्या. हातातलं नवं हेड त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं.

गुणांचे मूळ कागद बरेचसे रद्दीत गेले होते. ज्यांचे सापडले नाहीत, त्या मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. चौकशीत साहेबांनी सांगितलं, गठ्ठा बाईंनीच लावला. मी खरं ते सांगितलं; चौकशीवाल्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. निर्णय येईपर्यंत बाईंनी हेड बदललं, आतला कण न् कण पुसला आणि रिकामा गठ्ठा फिरवून खात्री केली. मग ठपका त्यांच्यावरच ठेवून त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

पुढे एकदा नंदनवनच्या बसथांब्यावर भेटल्या. केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "बाई, तुमच्यावर फार अन्याय झाला."

"माह्यं जाऊ द्या, भाऊ." त्या म्हणाल्या, "बहिणीची पोरगी होती त्या परीक्षेत. तिचे कागद नाही सापडले. हुशार होती, पण पुन्हा बसलीच नाही. बापानं लग्न लावून देलं."

"चौकशीत हे बोलला नाहीत?"

"काय बोलू? बाकीची पोरं कोणाचीच नव्हती काय?"

बस आली. त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली. मी हात हलवला, पण त्या समोरच पाहत होत्या. त्यानंतर मला त्या कधी दिसल्या नाहीत.