गस्तीनौकेच्या नाकावरचं कुंकू

दिल्लीच्या द्वारकेतली आमची सोसायटी नवी होती, तेव्हा मी शेजारणींना ऐटीत सांगायची, "आम्ही जहाजं बांधतो." बांधायचे ते गोव्याकडच्या गोदीतले कामगार. मी आर. के. पुरमजवळच्या कचेरीत कागदांचे गठ्ठे बांधायची, तेही टेंपररी. शिवाय बोट क्लबच्या होडीतसुद्धा मला उलटी होते, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

त्या वर्षी एका बेटांच्या देशाला गस्तीनौका हव्या होत्या. ऑर्डर मिळाली तर मला कायम करू, असं आमचे गुणवंतसाहेब म्हणाले होते. पाहुणे दसऱ्याच्या सुटीनंतर येणार होते. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. कचेरीत हत्यार कुठलं? टाइपरायटरला, स्टेपलरला फूल वाहिलं. मन भरेना. पाहुण्यांना दाखवायचं नौकेचं पांढरंशुभ्र मॉडेल पेटीतून काढलं, नाकावर ओलं कुंकू लावलं आणि हात जोडले. आपण किती चांगलं केलं, या समाधानात सुटीभर होते.

"अहो विनयाजी, हे काय यार!" सुटीनंतर साहेब ओरडले. "पाहुणे खाली पोचलेत!"

मी पदराने पुसायला गेले. कुंकू रंगात मुरलेलं. जे निघालं ते पोटापर्यंत फासलं गेलं.

"बस, बस! आता हात लावू नका. नोकरी हवी ना?"

पाहुण्यांतला उंच अधिकारी मॉडेलवर वाकला. मग त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "हे तुम्ही?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी नुसती मान हलवली. इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत तो मायदेशी पोचला असता. तो हसला. त्याची आई म्हणे नव्या होडीला खोबरेल चोळायची. "आमची नौका झाली की हे तुम्हीच लावा," म्हणाला.

ऑर्डर मिळाली, मी कायम झाले. "कुंकवामुळे नाही हं, आपले दर कमी होते," हे साहेबांनी मला अनेकदा ऐकवलं.

पुढे मला खरंच गोदीवर नेलं. कुंकू नीट लावलं. नौका पाण्यात उतरली, धक्क्याला बांधली, आणि अधिकाऱ्याने चहाला वर बोलावलं. नाही कसं म्हणणार? जहाजं बांधणारी बाई ना मी!

नौका म्हणे हलतही नव्हती. मी देवाचं नाव घेत कठड्याकडे धावले, पण परक्या सरकारच्या कोऱ्या डेकची ओटी भरलीच.

साहेब बादली घेऊन धावत आले. "चला विनयाजी," ते म्हणाले, "हे तरी पुसलं जातंय."